फोटो धूसर, फोन बदलू का?

प्रश्न : कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे फोटो ऑपेरा मिनीत उघडले की हळू येतात, धूसर दिसतात. मुलाच्या फोनवर तेच स्वच्छ. स्क्रीन गेली का?
– एक शेतकरी, धामणगाव रेल्वे

उत्तर : भाऊ, स्क्रीन ठीक आहे. नव्या फोनचे पैसे कामगंध सापळ्यांसाठी ठेवा. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्यासाठी फोटो स्वतःच्या सर्व्हरवर दाबून लहान करते, मग तुमच्याकडे पाठवते. बातम्या वाचायला हे उत्तमच. अळीची गुलाबी छटा ओळखायला मात्र निकामी. सेटिंगमध्ये डेटा बचतीखाली फोटोंचा दर्जा ‘हाय’ करा, किंवा तेवढ्यापुरतं पान क्रोममध्ये उघडा. क्रोमचा असाच ‘लाइट मोड’ 2022 मध्येच बंद झाला, त्यामुळे तिथे फोटो असे दाबले जात नाहीत.

तिथेही फोटो आधी अंधुक आणि मग स्पष्ट होत असेल, तर नेट मंद आहे, थोडं थांबा. अर्धवटच अडकला तर पान पुन्हा लोड करा, शेवटी कॅशे साफ करा. पण साफ करायच्या यादीत कुकीज आणि पासवर्डवरची खूण आधी काढा, नाहीतर सगळीकडे नव्याने लॉगिन करत बसाल. ‘फोन फास्ट’ करणारी ॲप्स घेऊच नका.

एवढं करूनही अळीबद्दल शंका राहिली, तर किडकं बोंड थेट सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.