सौदीला कामाला जाताना : आधी कागद, मग तिकीट

वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर या पट्ट्यातील अनेक मुस्लिम कारागीर आखाती देशांत रोजीसाठी जाऊ इच्छितात. तारापूर औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग, फिटिंग, पाइपलाइन, वायरिंग अशी कामे करून हात तयार झालेला तरुण सौदीला जायचे म्हणतो, तेव्हा घरातली माणसे दागिने मोडून पैसे उभे करतात. पैसा दलालाच्या हाती पडतो आणि कागद वाचायचे राहून जातात. हरमैनचा देश आहे, आपल्याच दीनाची माणसे आहेत, तेथे आपले वाईट कसे होईल, असा भोळा विश्वास त्यामागे असतो. पण विमानतळावरचा अधिकारी तुमचा कलमा विचारत नाही, व्हिसा पाहतो. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, असा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. परदेशी नोकरीत त्या हुकमाची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून वाचकांच्या सोयीसाठी पासपोर्टापासून सामानापर्यंतची तयारी क्रमाने देत आहोत.

पासपोर्ट आणि ईसीआर

पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या दिवशी निदान सहा महिने शिल्लक असावी. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव आधार, शाळेचा दाखला व पासपोर्टावर एकसारखे असावे. एका ठिकाणी ‘शेख’ आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते नाव, अशा फरकावर पुढे काम अडते.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टावर बहुधा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदीसह 18 देशांत नोकरीला जायचे तर प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने ही अट घातली ती कामगाराच्याच रक्षणासाठी. मुंबईचे हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. मंजुरीचे काम ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेतून चालते. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाख रुपयांचा विमा घ्यावा लागतो. दहावी पास असाल तर दाखला देऊन ‘ईसीआर’ शेरा नसलेला पासपोर्ट काढून घ्यावा.

दलाल खरा की खोटा

नोकरभरती करणाऱ्या एजंटाला भारत सरकारचे नोंदणीपत्र लागते. त्याचा क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या यादीत तपासा. नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड-दोन लाख मागणारा, पावती न देणारा आणि ‘आधी जा, कागद मागून येतील’ म्हणणारा माणूस गावातला असो की नात्यातला, त्याच्यापासून दूर राहा. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा, इकाम्याचा आणि वर्क परमिटचा खर्च मालकाने करायचा असतो.

व्हिसाची जात ओळखा

आपल्यातील बहुतेकांनी मक्तबात कुरआन शिकताना अरबी अक्षरे गिरवली आहेत. ती ओळख येथे उपयोगी पडते. व्हिसाच्या प्रकारापुढे ऐन, मीम, लाम म्हणजे ‘अमल’ असे असेल तर तो कामाचा व्हिसा. ‘जियारत’ असेल तर तो भेटीचा, आणि ‘उमरा’ तर फक्त उमऱ्याचा. भेटीच्या किंवा उमऱ्याच्या व्हिसावर काम करणे हा गुन्हा आहे. दंड, कैद आणि परत पाठवणी हा त्याचा शेवट. भेटीच्या व्हिसावर हजही करता येत नाही. 2025 च्या हजच्या वेळी परवान्याशिवाय हज करणाऱ्यास 20,000 रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता.

त्यानंतर पेशाचा रकाना पाहा. वेल्डरला ‘लह्हाम’, प्लंबरला ‘सब्बाक’, सुताराला ‘नज्जार’, इलेक्ट्रिशियनला ‘कहरबाई’ म्हणतात. वेल्डरच्या व्हिसावर ‘साइक खास’, म्हणजे घरगुती ड्रायव्हर, असे लिहिले असेल तर तेथेच थांबावे. घरकामगारांना सौदीचा सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही, त्यांचे नियम वेगळे आहेत.

‘आझाद व्हिसा’ या नावाचा व्हिसा कायद्यात कोठेच नाही. एकाच्या नावावर जायचे आणि दुसऱ्याकडे काम करायचे, यालाच दलाल आझाद व्हिसा म्हणतात. 2013 साली सौदी सरकारने निताकत मोहिमेत अशा कामगारांना कागद दुरुस्त करण्याची किंवा देश सोडण्याची मुदत दिली. त्या वेळी एक लाखाहून अधिक भारतीय परतले. कर्ज काढून गेलेला कर्ज घेऊनच घरी आला.

हुनर कागदावर आणा

औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे दहा वर्षे राबलेल्या माणसाजवळ अनुभवाचा एक कागद नसतो. ही आपली मोठी उणीव आहे. काम सोडण्याआधी ठेकेदाराकडून किंवा कंपनीकडून पद, काळ आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र घ्यावे. आयटीआयचे प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. सौदीने वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा पेशांसाठी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. तिची तयारी हाताने आणि तोंडाने, दोन्ही करावी. हत्यारांची इंग्रजी नावे पाठ असावीत.

प्रमाणपत्रावर राज्य शासनाची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घ्यावा. सौदी अरेबिया डिसेंबर 2022 पासून अपोस्टिल करारात आहे.

वैद्यकीय तपासणी ‘वाफिद’ व्यवस्थेने नेमून दिलेल्या केंद्रातच होते. क्षय, कावीळ, एचआयव्ही यांची चाचणी त्यात असते. तपासणीत पास होण्याआधी चालू नोकरी सोडू नका.

करारात काय वाचावे

मूळ पगार, भत्ते, राहणे, जेवण, सुट्टी आणि परतीचे तिकीट या सहा गोष्टी लेखी असाव्यात. तोंडी 2,000 रियाल आणि कागदावर 1,200 असतील तर 1,200 च मिळतील असे धरून चाला.

सौदीच्या कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम आहे. रमजानमध्ये मुस्लिम कामगाराला दिवसाला 6 तास. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्या उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे बेकायदा आहे. मार्च 2021 च्या सुधारणांनंतर खासगी कंपनीतील कामगाराला अटी पूर्ण करून मालक बदलता येतो. पण न सांगता काम सोडले तर फरारीची नोंद, म्हणजे ‘हुरूब’, लागू शकते.

कंपनी मोठी असली तरी कागद सांभाळावेच. 2016 साली सौदी ओजर या बड्या बांधकाम कंपनीने पगार थकवले आणि हजारो भारतीय कामगार जेद्दाहमध्ये अडकले. थकबाकी मागायची तर कराराची प्रत, इकामा आणि पगाराच्या पावत्या हाच पुरावा असतो.

सामान बांधताना

आपल्या स्वयंपाकघरातली खसखस तेथे अमली पदार्थांत धरली जाते. मसाल्यात किंवा लाडवातही ती नेऊ नका. गुटखा आणि दारू दारातच सोडा. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या आणि कोडीनचे खोकल्याचे औषध यांना आधी परवानगी लागते. इतर औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. हकिमाने दिलेली बिननावाची पुडी नेऊ नये.

कोणाचेही बंद पार्सल घेऊ नका. 2019 साली मुंबईच्या एका दांपत्याला नातेवाइकाने दिलेल्या पाकिटामुळे कतारच्या विमानतळावर अटक झाली. पाकिटात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि 2021 साली निर्दोष सुटेपर्यंत त्यांनी तुरुंग भोगला. सौदीत तर अमली पदार्थांच्या तस्करीला देहदंडही आहे.

व्यापारी बंधूंसाठी

माल पाहायला, ऑर्डर ठरवायला जाणाऱ्याने तेथील कंपनीच्या निमंत्रणावर व्यापारी व्हिसा घ्यावा. त्यावर बोलणी करता येतात, दुकानात बसून पगार घेता येत नाही. 60,000 रियाल किंवा त्याहून अधिक किमतीची रोकड, सोने असेल तर कस्टममध्ये जाहीर करावे लागते.

घरी काय ठेवाल

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती यांच्या प्रती घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडे ठेवा. बँक खात्यावर पत्नीचे किंवा आईचे नाव वारस म्हणून लावा. कोणाचे किती देणे आहे ते लिहून ठेवा. अडचण आली तर रियाधचा भारतीय दूतावास किंवा जेद्दाहचे वाणिज्य दूतावास आहे. जाण्याआधी शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची मोफत फोनसेवा 1800 11 3090 आहे. दलालाला पैसे देण्यापूर्वी या क्रमांकावर एक फोन करावा.

हलाल रोजीसाठी दूर जाण्यात कमीपणा नाही. पण तवक्कुल उंट बांधल्यावर करायचा असतो. कागद पुरे झाल्यावरच तिकीट काढा, म्हणजे इन्शाअल्लाह जाणेही सुखाचे होईल आणि परतणेही.