चिनी विभागशीर्ष : लिपिविचार आणि संगणकीय संकेतांक

उच्चार ठाऊक नसलेले अक्षर चिनी कोशात शोधावयाचे, तर प्रथम त्याचे विभागशीर्ष ओळखावे लागते. ‘बूशौ’ या चिनी संज्ञेचा अर्थच ‘विभागाचे शीर्ष’ असा आहे; ‘रॅडिकल’ या पाश्चात्त्य प्रतिशब्दामुळे मात्र ते व्युत्पत्तीचे मूळ असावे, असा समज होतो. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन याने आपल्या कोशात अशी ५४० शीर्षे योजिली. १६१५ मध्ये मेइ यिंगत्सो याने ती २१४ वर आणली आणि १७१६ च्या कांग्शी कोशाने ती व्यवस्था रूढ केली. संगणकाने हा वारसा स्वीकारला, तेव्हा एक मूलभूत प्रश्न उपस्थित झाला : शीर्ष हे भाषेतील अक्षर मानावयाचे, की अक्षरे लावण्याची खूण?

‘पाणी’ या अर्थाचे चिन्ह उदाहरणादाखल घेता येईल. ते स्वतंत्रपणे आले असता शब्द असते. नदी, समुद्र, अश्रू अशा अर्थांच्या अक्षरांत डावीकडे आले असता ते आक्रसून तीन फटकाऱ्यांचे होते. चिनी भाषक त्यास ‘तीन थेंबांचे पाणी’ म्हणतात. युनिकोडमध्ये स्वतंत्र शब्दाचा संकेतांक षोडशमान पद्धतीने ६सी३४ असा आहे. तीच आकृती कांग्शी कोशातील ८५ वे शीर्ष म्हणून अभिप्रेत असेल, तर २एफ५४. तीन थेंबांच्या रूपास अक्षर या नात्याने ६सी३५ आणि शीर्षरूप या नात्याने २ईए१. कांग्शी शीर्षांचा २१४ चिन्हांचा आणि पूरक शीर्षांचा ११५ चिन्हांचा, असे दोन्ही गट १९९९ च्या ३.० या आवृत्तीत समाविष्ट झाले.

याउलट, ‘नदी’ या अक्षराचा ६सीबी३ हा संकेतांक अखंड आहे. त्यात पाण्याचा अंश वेगळा नोंदलेला नाही. तथापि १९९२ मध्ये युनिकोडमध्ये आलेली २०,९०२ अक्षरे कांग्शी क्रमानेच लावलेली असल्यामुळे ‘पाणी’ आणि ‘अग्नी’ या दोन शीर्षांच्या दरम्यान पाण्याच्या विभागातील हजाराहून अधिक अक्षरे सलग येतात. शीर्ष येथे अवयव म्हणून नव्हे, तर स्थान म्हणून टिकून राहिले आहे.

या भेदाचा परिणाम संहितेच्या अभ्यासावर होतो. ६सी३४ आणि २एफ५४ डोळ्यांस सारखेच दिसतात. संगणकास ते भिन्न आहेत. मुद्रणप्रतीतून मजकूर उतरवून घेताना शब्दाच्या जागी शीर्ष आले, तर एखाद्या कवीच्या शब्दसूचीतून ‘पाणी’ निसटते आणि वारंवारतेवर आधारलेला निष्कर्ष नकळत चुकतो. ‘अनुरूपता-सामान्यीकरण’ या प्रक्रियेने २एफ५४ चे ६सी३४ करता येते. २ईए१ ला मात्र ती लागू पडत नाही. शिवाय ज्या ग्रंथात शीर्षांचीच चर्चा आहे, तेथे हीच प्रक्रिया अर्थभेद पुसून टाकते. यास्तव ती शोधप्रतीवर करावी, मूळ प्रतीवर करू नये.

देवनागरीने वेगळा मार्ग पत्करला. रेफ आणि रकार यांना स्वतंत्र संकेतांक नाहीत. ‘र’ (०९३०), हलन्त आणि व्यंजन यांच्या क्रमावरून त्यांची रूपे सिद्ध होतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील दऱ्या, हा मराठीतील अर्थभेद राखण्यासाठी दुसऱ्या शब्दात ०९३१ हे अक्षर योजिले जाते. परंतु ०९३०, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह या क्रमानेही तेच रूप उमटते, आणि हे दोन क्रम कोणत्याही सामान्यीकरणाने एकरूप होत नाहीत. म्हणजे एकच ‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकलिखित झाली असेल, तर शोधात तिची निम्मी उदाहरणे गमावण्याचा संभव येथेही आहेच.

दोन्ही लिपींची घडण भिन्न असली, तरी अभ्यासकावर येणारी जबाबदारी समान आहे. पाठचिकित्सेत हस्तलिखितांची परंपरा जशी तपासली जाते, तशीच संगणकीय प्रतीतील संकेतांकांचीही तपासणी व्हावयास हवी, आणि कोणता संकेतांक कोणत्या अर्थाने योजिला हे संपादकाने प्रस्तावनेत नमूद करावयास हवे.