आजींचा पहिला विमानप्रवास

पाय जमिनीवरून सुटले की मनुष्याचे मन दचकते. झोपाळा जरा उंच गेला तरी पोटात गोळा येतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकनजीकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट यांनी यंत्राच्या साहाय्याने पहिले उड्डाण केले, ते अवघे १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते. त्यास आता सव्वाशे वर्षे होत आली. या काळात यंत्र फार सुधारले. परंतु प्रथमच विमानात बसणाऱ्या मनुष्याची छाती आजही धडधडतेच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मुंबईत गिरगावातील एका चाळीत राहणाऱ्या एका आजींवर २०२५ सालच्या भाद्रपदात असाच प्रसंग आला. त्यांची धाकटी बहीण नागपुरास असते. तिच्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. "ताई आली की मी निर्धास्त आत जाईन," असा तिचा निरोप आला होता. रात्रीच्या एकाही आगगाडीत जागा नव्हती. विमान मात्र दीड तासात पोहोचते. आजींच्या मुलाने आईचे व सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीचे तिकीट काढले आणि मगच आईस सांगितले.

"मी त्या यंत्रात पाय ठेवायची नाही," आजी म्हणाल्या. "अहमदाबादचं विसरलास इतक्यात?"

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. त्याच वर्षी १२ जून रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. त्यातील २४२ जणांपैकी केवळ एक प्रवासी वाचला. जमिनीवरचीही १९ माणसे मृत्युमुखी पडली. ती चित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना भीती वाटू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मुलाने आईस खोटा धीर दिला नाही. तो म्हणाला, "आई, अपघात होतच नाहीत असं मी कसं सांगू? पण जगात दररोज सुमारे एक लाख उड्डाणं होतात, आणि ती माणसं सुखरूप उतरतात याची बातमी कुणी छापत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. तरी तू रोज रस्ता ओलांडून देवळात जातेसच ना?"

आजी गप्प राहिल्या. आकडे बुद्धीला पटतात, पण छातीची धडधड त्यांना जुमानत नाही. शेवटी त्या उठल्या, ते आकड्यांमुळे नव्हे. बहिणीचा निरोप त्यांनी मनाशी पुन्हा एकदा म्हटला आणि पेटी काढावयास सांगितले.

नातीने लगबगीने तयारी केली. आजींची औषधे तिने हातातल्या पिशवीत घेतली, कारण मोठी पेटी विमानाच्या पोटात जाते व प्रवासात ती हाती लागत नाही. पानाच्या डब्यातला अडकित्ता मात्र तिने काढून त्या पेटीत ठेवला. सुरी, कात्री, अडकित्ता अशा धारदार वस्तू जवळ बाळगण्यास विमानात मनाई असते. "माझ्या सासूबाईंचा अडकित्ता आहे तो," आजी कुरकुरल्या, "हरवला तर?" त्याऐवजी नातीने त्यांच्या हाती आवळासुपारीची डबी दिली. ती का, हे पुढे कळेल. उपाशी पोटी निघू नये आणि पोटास तडस लागेल इतकेही खाऊ नये, म्हणून दोघींनी मऊ भात खाल्ला. उड्डाणास दोन तास असतानाच त्या विमानतळावर पोहोचल्या. घाबरणाऱ्या मनुष्याने तर वेळेच्या आधीच जावे. धावपळीने भय दुप्पट होते.

जागा निवडतानाही नातीने विचार केला होता. तिने पंखांजवळच्या खुर्च्या मागून घेतल्या. एस.टी.च्या गाडीत मागल्या बाकावर जितके हादरे बसतात तितके मधल्या बाकावर बसत नाहीत. विमानाचेही तसेच आहे.

दारातच तिने हवाई सुंदरीला सांगितले, "आजी पहिल्यांदाच विमानात बसते आहे." हे सांगणे फार उपयोगाचे ठरले. ती तरुणी हसून म्हणाली, "आजी, मी मधून मधून येऊन जाईन हं. काही वाटलं तर डोक्यावरचं हे बटण दाबा." स्वतः घाबरल्याचे मात्र नातीने कोणास सांगितले नाही.

विमान हलण्यापूर्वी कर्मचारी सुरक्षेच्या सूचना देतात. कितीतरी सराईत प्रवासी त्या वेळी वर्तमानपत्रात नाहीतर फोनमध्ये डोके खुपसून बसतात. तसे करू नये. आपल्या आसनापासून जवळचे दार किती रांगांवर आहे, ते मोजून ठेवावे. आजी मात्र कान देऊन ऐकत होत्या. आतील हवेचा दाब कमी झाल्यास वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतील, ते आधी स्वतः लावून मग जवळच्या मुलास लावावेत, हे ऐकताच त्या म्हणाल्या, "हे काय भलतंच? आधी लेकराला लावायला नको?"

वरवर पाहता आजींचे म्हणणे खरे वाटते. परंतु दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की प्राणवायूवाचून मनुष्याचे भान मिनिटभरही टिकत नाही. मुलाच्या मुखवट्याची दोरी सोडविताना मोठे माणूसच बेशुद्ध पडले तर दोघेही संकटात सापडतील. स्वतःला मुखवटा लावण्यास चार-पाच सेकंद पुरतात, आणि मग मुलाकडे स्वस्थपणे पाहता येते. नातीने हे समजावताच आजींनी मान डोलावली. "बुडत्याला हात देणाऱ्याचे पाय आधी घट्ट हवेत," त्या म्हणाल्या.

मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. विमान तिच्यावर धावू लागले तेव्हा आजींनी डोळे मिटून रामनाम घेण्यास आरंभ केला. वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होताच विमानाने नाक उचलले व ते जमिनीवरून सुटले. इतके अवजड यंत्र हवेत राहते कसे? पतंग उडविणाऱ्या मुलास याचे उत्तर अर्धे ठाऊक असते. तिरका धरलेला पतंग वाऱ्याला खाली ढकलतो आणि वारा त्याला वर उचलतो. पतंगास वाऱ्याची वाट पाहावी लागते. विमान मात्र वेगाने धावून आपला वारा आपणच निर्माण करते. त्याच्या पंखांचा आकार व कल असा असतो की त्यांवरून जाणारी हवा खाली वळते, पंखांच्या वरच्या बाजूचा दाब खालच्यापेक्षा कमी होतो आणि विमान उचलले जाते. वेग आहे तोवर हवा त्याच्याखाली पायरीसारखी भक्कम असते.

पहिल्या पाच मिनिटांतील आवाजांनीच नवख्या प्रवाशाची गाळण उडते. म्हणून नातीने ते आधीच एका वहीत लिहून आणले होते. खालून 'धड्' असा आवाज आला. ती चाके पोटात मिटली. थोड्या वेळाने यंत्रांचा घोष एकदम मंदावला आणि विमान खाली चालल्यासारखे वाटले. आजींनी नातीचे मनगट घट्ट धरले.

"आजी, पडत नाहीये ग! चढ संपत आल्यावर मोटारीचा ड्रायव्हर पाय सैल करतो ना, तसं आहे हे," नात म्हणाली. ते खरेच होते. उड्डाणासाठी लागणारा जोर वर चढताना तितकाच लागत नाही. तो कमी केला जातो. कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, त्यास वेग वाढण्याची सवय झालेली असते. वाढ मंदावताच ते 'आपण खाली चाललो' अशी खोटी वर्दी मेंदूस देते. अशा वेळी अंगाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता खिडकीबाहेर पाहावे. खाली समुद्र दूर दूर जात होता. डाव्या हातास, जवळच, जुहूचा छोटा विमानतळ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच एका लहानशा विमानातून तेथे उतरले होते.

विमान वळले व पूर्वेकडे निघाले. आजींच्या कानांस दडे बसले. मध्यकर्णापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. बाहेरचा दाब बदलला की तिच्या वाटे हवा आतबाहेर होऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हावा लागतो. गिळताना, चघळताना वा जांभई देताना ती नळी उघडते. आवळासुपारीचे प्रयोजन हेच होते. आजींनी ती चघळली. 'टक्' असा आवाज होऊन कान मोकळे झाले. उतरताना ही नळी अधिक हट्टीपणा करते. त्यामुळे तान्ह्या मुलास उतरते वेळी दूध पाजावे, आणि ज्यास सर्दी झाली असेल त्याने निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा.

"आणि यंत्रं बंदच पडली तर?" आजींनी मनातला प्रश्न शेवटी विचारला.

नातीने बोटाने खिडकीबाहेर घार दाखविल्यासारखे केले. घार कितीतरी वेळ पंख न हलविता तरंगते. एक यंत्र बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान चालते. दोन्ही बंद पडली तरी ते दगडासारखे कोसळत नाही, हळूहळू उंची देत देत पुढे घसरत जाते. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिक महासागरावर एका विमानातील इंधन गळून गेले व दोन्ही यंत्रे थांबली. वैमानिकांनी ते सुमारे १९ मिनिटे तसेच तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरविले. विमानातील ३०६ माणसे वाचली.

आजी ऐकत असतानाच विमान ढगांत शिरले आणि धडधडू लागले. पट्टे बांधण्याची खूण उजळली. एक मोठा हिसका बसला. पेल्यातील पाणी हिंदकळले, मागे कोणी 'अरे देवा' म्हणाले. वहीत सारे लिहून आणणारी नात पांढरीफटक पडली. तिच्या वहीत या हिसक्यांविषयीही लिहिले होते: हवेत खड्डा नसतो, पावसाळी ढगांत हवेचे प्रवाह वर-खाली होतात, त्यांवर विमान हेलकावते. पण त्या क्षणी तिला एक ओळही आठवेना.

आजींनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "इकडे बघ," त्या म्हणाल्या. "आम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रत्नागिरीला जायचो. वारा असला की बोट अशी उठायची, अशी बसायची. माणसं ओकायची. मी रडायला लागले की माझे अण्णा म्हणायचे, बोट हलते आहे म्हणजे पाण्यावर आहे, बुडालेली बोट हलत नाही. हे तेच ग. फक्त पाणी दिसत नाही."

नात काही बोलली नाही. आजी म्हणाल्या, "श्वास सोड. घेऊ नको, आधी सोड. सावकाश. मी राम म्हणते, तू पाच मोज."

घाबरलेला मनुष्य भराभर श्वास घेतो, त्यामुळे हातापायांस मुंग्या येतात, चक्कर येते आणि भय आणखी वाढते. श्वास लांबवर सोडला की हृदयाची गती उतरते. आजींना हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. खिडकीतून पंखाचे टोक वर-खाली लवताना दिसत होते. नात तिकडे पाहून पुन्हा घाबरली असती. पण पंख लवतात, म्हणूनच मोडत नाहीत, हे एव्हाना तिला आठवले. २०१० साली बोइंग ७८७ या विमानाची कसोटी घेताना त्याचे पंख सुमारे २५ फूट वर वाकविले होते, तरी ते शाबूत राहिले.

अशा वेळी खरा धोका असतो तो पट्टा न बांधणाऱ्यास. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेले एक विमान वाटेत भयंकर हिसक्यात सापडले. एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला व अनेकजण छतावर आपटून जखमी झाले. विमान मात्र सुखरूप उतरले. म्हणून खूण विझली तरी, बसलेले असताना पट्टा सैलसर बांधलेलाच ठेवावा.

दहा मिनिटांत ढग मागे पडले. खाली विदर्भातील शेते हिरव्या चौकटींसारखी दिसू लागली. आजींनी प्रथमच खिडकीला नाक लावले आणि ते तसेच ठेवले.

नागपुरास पाऊस पडत होता. चाके जमिनीस जरा जोरानेच टेकली. ओल्या धावपट्टीवर असे ठाम टेकणेच योग्य; चाके पाण्यावरून घसरू नयेत म्हणून वैमानिक तसे करतात. पंखांवरच्या फळ्या उभ्या राहिल्या, यंत्रे उलट जोराने गर्जली आणि विमान आवरले. दारात आजींनी त्या हवाई सुंदरीच्या तोंडावरून हात फिरवला.

सामानाचा पट्टा फिरू लागला. बाहेर भाचा गाडी घेऊन उभा होता, रुग्णालयाची भेटीची वेळ संपत आली होती, तरी आजी पेटी हाती येताच तेथेच खाली बसल्या. त्यांनी कुलूप उघडले, पातळांच्या घडीत हात घातला आणि अडकित्ता जागच्या जागी आहे हे पाहून पेटी पुन्हा बंद केली. "चल लवकर," त्या नातीस म्हणाल्या, "मावशीआजी वाट पाहत असेल."