दहा टक्के नक्कल चालते का?

प्रश्न : मुलगी ऑनलाइन कोर्स करते. तिच्या सोबतची मुले मोबाइलवरून मजकूर उचलून स्वाध्याय देतात आणि 'दहा टक्के नक्कल नियमात बसते' म्हणतात. हे खरे आहे का? आणि इतक्या दुरून शिकवणारे ही चोरी थांबवतात कशी?
– एक वाचक, नाकाडोंगरी (ता. तुमसर)

उत्तर : आधी दहा टक्क्यांचे पाहू. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतला आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. पण स्वाध्याय, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या नियमांतून वगळलेल्या आहेत. म्हणून ही सवलत मुलांना लागूच होत नाही. तिथे त्या-त्या कोर्सचा नियम चालतो.

दुसरा समज असा, की सॉफ्टवेअर चोरी पकडते. ते फक्त जुळणारे शब्द दाखवते. मूळ लेखकाचे नाव देऊन घेतलेला उताराही त्यात जुळतो, पण ती चोरी नव्हे. उलट शब्द फिरवून उचललेला विचार त्यातून निसटू शकतो. त्यामुळे शेवटी शिक्षकालाच वाचावे लागते.

यावर एक उपाय परीक्षेच्या रचनेत आहे. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या कोर्समध्ये स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर बसून देण्याच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात १० आणि परीक्षेत ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. उचललेला स्वाध्याय केंद्रावर कामाला येत नाही.

खरा उपाय मात्र प्रश्नातच असतो. 'मँगनीजचे उपयोग लिहा' म्हटले, की सगळ्यांची उत्तरे एकसारखी येणार. तुमच्याजवळच्या डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्या कारखान्यांना लागते. मग असे विचारावे : तुमच्या घरात टॉर्च, घड्याळ, रिमोट यांना महिन्याला किती सेल लागतात? संपलेले सेल कुठे जातात? याचे उत्तर घरात मोजूनच लिहावे लागेल. त्याआधी कच्चे टिपण मागावे आणि नंतर दोन मिनिटे फोनवर विचारावे. ज्याने स्वतः लिहिले आहे त्याला ते सांगता येते.

मुलीला एवढेच सांगा : वाचून झाले की पान मिटायचे, मग आपल्या शब्दांत लिहायचे आणि जिथून घेतले त्याचे नाव द्यायचे. एवढी सवय लागली, तर टक्के मोजायची वेळच येणार नाही.