चला इंग्रजी शिकूया : छोटा शब्द, मोठा फरक



बैठकीला आले की तुमच्यापैकी कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतंच, "मॅडम, हा इंग्रजी मेसेज काय म्हणतोय? एकेक शब्द पोरं सांगतात, पण अर्थच लागत नाही." म्हणून हा धडा.

आधी माझीच फजिती सांगते. मी मराठी शाळेत शिकले. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात प्रशिक्षणाचा मेसेज आला. त्यात 'पुट ऑफ' असं लिहिलं होतं. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढं माहीत होतं. मला वाटलं, प्रशिक्षण ठेवलंय! सकाळची पहिली एसटी धरून तालुक्याला गेले, तर हॉलला कुलूप. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. कुणाला विचारायची लाज वाटली आणि अख्खा दिवस वाया गेला.

इंग्रजीत साध्या क्रियापदाला इन, आउट, अप, ऑफ, बॅक असा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो. याला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. अवघड वाटतंय? मग आपली मराठी बघा. इतिवृत्तात आपण लिहितो, "बैठक पार पडली." कोण पडलं? कुणीच नाही! घराबाहेर पडणे, आजारी पडणे, पैसे कमी पडणे, यातही कुणी खाली पडत नाही. सोबतच्या शब्दाने अर्थ बदलला. इंग्रजीतही तसंच. म्हणून दोन्ही शब्द मिळून एकच शब्द समजा आणि तसाच पाठ करा.

बैठकीचे शब्द
- पुट ऑफ : पुढे ढकलणे. बैठक होणार, पण नंतर.
- कॉल ऑफ : रद्द करणे. बैठक होणारच नाही. दोन्हीकडे 'ऑफ' आहे, म्हणून आधीचा शब्द नीट वाचा.

फॉर्मचे शब्द
- फिल इन, फिल आउट : फॉर्म भरणे. इन म्हणजे आत, आउट म्हणजे बाहेर, तरी इथे दोन्हींचा अर्थ एकच. आपल्याकडे 'फिल अप'ही म्हणतात.
- हँड इन : भरलेला फॉर्म जमा करणे.

कर्जाचे शब्द
- टेक आउट : कर्जाबद्दल असेल तर कर्ज घेणे.
- पे बॅक : घेतलेले पैसे परत करणे.
- पे ऑफ : कर्ज पूर्ण फेडून मोकळं होणे. एक हप्ता भरला की 'पे ऑफ' झालं असं नाही.
- फॉल बिहाइंड : हप्ते थकणे. 'फॉल' म्हणजे पडणे, 'बिहाइंड' म्हणजे मागे. अगदी आपल्या 'मागे पडणे'सारखं! असा मेसेज आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. पासबुक घेऊन बँकेत जा आणि खात्री करा.

मोबाईलचे शब्द
- साइन अप : नवीन नोंदणी करणे.
- लॉग इन : आपल्या खात्यात शिरणे.
- लॉग आउट : खात्यातून बाहेर येणे. दुसऱ्याच्या मोबाईलवर खातं उघडलं तर काम झाल्यावर हे करायचंच. नाहीतर घर उघडं टाकून शेतात गेल्यासारखं होईल.
- हँग अप : फोन ठेवणे. "तुमचं खातं बंद होणार, ओटीपी सांगा," असा फोन आला की हेच करायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

सराव करूया (उत्तरं झाकून ठेवा हं!)
1. ट्रेनिंग इज कॉल्ड ऑफ. उद्या जायचं का?
2. प्लीज फिल इन द फॉर्म. काय करायचं?
3. यू हॅव पेड ऑफ युअर लोन. आता हप्ता बाकी आहे का?
4. लॉग आउट हे कधी करायचं?

उत्तरं : 1. नाही, रद्द झालंय. 2. फॉर्म भरायचा. 3. नाही, कर्ज फिटलं. 4. काम संपल्यावर.

सगळे शब्द एका दिवसात पाठ करू नका. रोज एक घ्या आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर वाक्यासकट लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मोबाईलवरचा न समजलेला एक मेसेज आणायचा, आपण मिळून वाचू. फक्त ओटीपीचा मेसेज कुणालाच दाखवायचा नाही, मलाही नाही.

आणि एक लक्षात ठेवा. अर्थ कळला नाही तर सही किंवा अंगठा करायच्या आधी विचारा. साहेबांना विचारा, सीआरपी ताईंना विचारा, मला विचारा. लाजेपायी माझा एक दिवसच गेला. कर्जाच्या कागदावर तेवढ्यावर भागत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक