नवरीचा साज

तुळशीचे लग्न लागले, की गावोगाव लग्नसराई सुरू होते. मांडव पडतात. जात्याला हळकुंड बांधून हळद दळतात. घरोघर एकच बोलणे चालते. वऱ्हाड किती येणार? जेवणाला किती पाने होणार? आणि नवरीला नटवायचे कसे?

या धड्यात आपण नवरीच्या साजाविषयी वाचू. हा विषय बायकांचा, असे पुरुषांनी म्हणू नये. पैसा घरचा जातो आणि चेहरा आपल्या लेकीचा असतो. म्हणून हा धडा दोघांनी वाचावा.

एका लग्नघरातली गोष्ट

आम्ही एका लग्नाला गेलो होतो. दिवस वैशाखाचे होते. आदल्या दिवशी हळद लागली होती. मुहूर्त दुपारचा होता. सकाळी पाहतो, तर नवरीच्या खोलीपुढे बायकांची गर्दी. आत नवरी तोंडावर ओला पंचा धरून बसली होती. पंचा बाजूला केला. गाल लाल झाले होते. डोळे सुजले होते. तोंडाची नुसती आग होत होती.

झाले होते असे. नवरीच्या आत्याने बाजारातून एक डबी आणली होती. 'रात्री लावा, सकाळी मुलगी उजळ दिसेल,' असे विकणाऱ्याने सांगितले होते. डबीवर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना तारीख. आत्याने ती क्रीम रात्री नवरीच्या तोंडाला जाड लावली.

आत्या रडत म्हणाली, "तुझ्या चांगल्यासाठीच आणली होती गं!"

नवरी म्हणाली, "आत्या, माझा रंग वाईट होता का?"

कोणालाच बोलता येईना. मग कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, "वाईट कशाला असंल, पोरी? आपलं रान काळंच हाय. पीक त्यातच येतं."

भावाने नवरीला मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरीणबाईंनी तोंड गार पाण्याने धुवायला लावले. औषध दिले. म्हणाल्या, "आज तोंडाला दुसरं काही लावायचं नाही." नवरी तशीच बोहल्यावर उभी राहिली. लग्न लागले. पण त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत तिची मान खाली आहे. गालावरचे डाग जायला पुढे कितीतरी दिवस लागले.

आत्याचे मन वाईट नव्हते. पण दोन गोष्टी चुकल्या. मुलीचा रंग बदलायला हवा, असे तिला वाटले, ही पहिली चूक. डबी न पारखता तोंडाला लावली, ही दुसरी.

रंग बदलायचा नाही

आपल्या कातडीत एक गडद रंगाचे द्रव्य असते. ते उन्हापासून आपले रक्षण करते. ज्याच्या कातडीत ते जास्त, तो सावळा. ज्याच्यात कमी, तो गोरा. सावळेपणा हा मळ नव्हे. तो घासून जात नाही आणि घालवायचाही नसतो.

काही क्रीमांमध्ये पारा मिसळलेला असतो. पारा हे द्रव्य तयार होऊ देत नाही. त्यामुळे काही दिवस चेहरा उजळ दिसतो. पण पारा विषारी आहे. तो कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. मूत्रपिंड म्हणजे ज्याला आपण किडनी म्हणतो ती. २०२३ साली अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघीजणी एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तपासात त्या क्रीममध्ये पारा निघाला.

दुसऱ्या काही क्रीमांमध्ये स्टिरॉइड नावाचे औषध असते. ते खरुज-नायट्याच्या नावाखालीही विकले जाते. तेही काही दिवस चेहरा उजळ करते. मग कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात आणि तोंडावर लव वाढते. क्रीम बंद केली, की तोंड लाल होऊन पेटते. अशा मलमांवर २०१८ साली सरकारने बंधन घातले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, असा नियम झाला.

म्हणून 'आठ दिवसांत गोरी' असे कोणी सांगितले, की ती वस्तू तिथेच ठेवावी आणि दुकानाची पायरी उतरावी.

डबी वाचा

आपण अक्षरे शिकलो, ती कशासाठी? पोथी वाचावी, सातबारा वाचावा, तशी डबीही वाचावी. डबीवर या चार गोष्टी पाहा :

१. बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता.
२. परवाना क्रमांक.
३. कोणत्या तारखेपर्यंत वापरावी, ती तारीख.
४. आत काय काय घातले आहे, त्याची यादी.

यातले काहीच नसेल, तर ती डबी घेऊ नका. यादीत मर्क्युरी किंवा कॅलोमेल असे नाव असेल, तर तो पारा समजा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे आहेत. डबीवर बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. आपल्याला ती येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

पण एक ध्यानात ठेवा. लबाड माणूस पाऱ्याचे नाव डबीवर लिहीत नाही. म्हणून यादी चांगली दिसली, तरी गोरे करण्याचे वचन देणारी वस्तू नकोच.

आधी करून पाहा

बियाणे नवे असले, की आपण सगळे रान एकदम पेरतो का? आधी थोडे उगवून पाहतो. क्रीम, पावडर, मेंदी, काहीही नवे असले, तर तसेच करावे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी ती वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावा. दोन दिवस वाट पाहा. खाज सुटली, लाली आली किंवा फोड उठला, तर ती वस्तू वापरू नका. एकीला जे मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. बहिणीला चालले म्हणून नवरीला चालेल, असे समजू नये.

भुवया कोरायच्या असतील, तर तीन-चार दिवस आधी कोराव्या. तोंडाला ब्लीच किंवा फेशियल कधी केले नसेल, तर लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा करू नये.

हळद

हळद घरच्या जात्यावर दळलेली असेल, तर फार उत्तम. बाजारची पूड असेल, तर पारखून घ्या. पेल्यात पाणी घ्या. त्यात चमचाभर हळद टाका. ढवळू नका. चांगली हळद हळूहळू तळाला बसते आणि पाणी फिके पिवळे होते. पाणी लगेच गडद पिवळे झाले, तर हळदीत रंग मिसळला आहे असे समजा.

हळद लावताना डोळे जपा. नवरा-नवरीला हळद लावायला अख्खा गाव येतो. प्रत्येकाने हात धुऊन यावे. हळद काढताना तोंड खसाखसा घासू नये. डाळीचे पीठ आणि पाणी लावून अलगद धुवावे. थोडा पिवळेपणा राहील. राहू द्या. हळदीची नवरी पिवळीच शोभते.

मेंदी

मेंदी म्हणजे झाडाचा पाला. तो वाळवून कुटतात, वस्त्रगाळ करतात आणि भिजवतात. खऱ्या मेंदीला घाई चालत नाही. ती हातावर सहा-सात तास ठेवावी लागते. काढल्यावर रंग नारिंगी दिसतो. पुढच्या एक-दोन दिवसांत तो गडद होतो. म्हणून मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढावी. वाळल्यावर ती खरवडून टाकावी. लगेच पाण्याने धुऊ नये.

'दहा मिनिटांत काळी मेंदी' असे सांगून जे कोन विकतात, ते घेऊ नका. मेंदीच्या पाल्याचा रंग काळाभोर येत नाही. काळेपणासाठी त्यात केस रंगवायचे रसायन घालतात. त्याने हातावर फोड येतात. नक्षी जिथे काढली, तिथेच जखम उठते. एकदा असे झाले, की त्या माणसाला ते रसायन जन्मभर बाधू शकते. पुढे केसांना रंग लावला, तरी तोंड सुजते.

कुंकू, टिकली आणि काजळ

हळदीच्या डागाला साबण लागला, की डाग लाल होतो. हे आपण धुण्याच्या दगडावर नेहमी पाहतो. हळदीला चुना लागला तरी असेच होते. आपले जुने कुंकू याच रीतीने हळदीपासून करत आले आहेत. आज बाजारात नुसत्या रंगाचे कुंकूही मिळते. ते स्वस्त असते, पण कपाळाला खाज सुटू शकते. माहितीच्या दुकानातून कुंकू घ्या. पूर्वी आज्या कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू रेखत. त्याने कुंकू पसरत नसे. ही रीत आजही चांगली आहे.

देवाला लावायचा शेंदूर कपाळाला लावू नका. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून करतात. शिसे हे विष आहे.

टिकलीच्या चिकटाने काहीजणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसे दिसू लागले, तर टिकली सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

काजळाची डबी प्रत्येकीची वेगळी असावी. एकच काडी करवलीच्या डोळ्यात, मग नवरीच्या डोळ्यात, असे करू नका. डोळे आलेल्या एका मुलीमुळे सगळ्यांचे डोळे येतील. ओठांच्या रंगालाही हाच नियम.

लग्नाच्या दिवशी

मेकअप करणारी बाई बोलावली असेल, तर तिला आधी एकदा घरी बोलवा. चेहऱ्याला लावायचा रंग नवरीच्या जबड्यावर लावून पाहा. तो दिव्याखाली पाहू नका, अंगणातल्या उजेडात पाहा. जो रंग कातडीत मिसळून जातो, तो बरोबर. फिका रंग लावला, तर तोंड पांढरे, मान सावळी आणि हात तिसऱ्याच रंगाचे दिसतात. फोटोत चेहरा राखेसारखा येतो.

तोंड धुऊन कोरडे झाल्यावरच रंग लावावा. उन्हाळ्यात थर पातळ ठेवावा. घाम आला, तर रुमालाने टिपावा, पुसू नये. नवरीने सकाळी काहीतरी खावे आणि पाणी प्यावे. उपाशी मुलीला बोहल्यावर भोवळ येते. मग कसला साज नि काय!

रात्री कितीही दमणूक झाली, तरी तोंडावरचा रंग काढूनच झोपावे. कापसाला खोबरेल तेल लावून अलगद पुसावे. मग तोंड धुवावे.

लिहून घ्या

साजाचा खर्च आधी ठरवा. कर्ज काढून चेहरा रंगवू नये. रंग रात्री धुऊन जातो, कर्ज राहते. ठरले ते तोंडी ठेवू नका. कागदावर असे लिहा :

लग्नाची तारीख आणि येण्याची वेळ.
काय काय करायचे : चेहरा, केस, साडी नेसवणे.
एकूण पैसे. आज दिलेले पैसे. राहिलेले पैसे.
येण्याजाण्याचा खर्च कोणाचा.
दागिने भाड्याचे असतील, तर एकेकाचे नाव.
दोघांच्या सह्या.

असा कागद असला, की लग्नाच्या दिवशी भांडण होत नाही.

काही बाधलेच तर

भरपूर गार पाण्याने धुवा. घासू नका. वर चुना, दंतमंजन किंवा दुसरी क्रीम लावू नका. आरोग्य केंद्रात जा. जाताना ती डबी बरोबर न्या. डबी पाहिली, की डॉक्टरांना कारण लवकर कळते. श्वास लागला किंवा ओठ-डोळे फार सुजले, तर वेळ घालवू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

शेवटी

आमच्या त्या गोष्टीतल्या आत्याला पुढे नात झाली. बारशाला कोणी म्हणाले, "पोर जरा सावळी आहे." आत्या म्हणाली, "आमच्या रानासारखी आहे." तिने पोरीला मांडीवर घेतले आणि तीट लावली.

हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, डोक्याला मुंडावळ्या आणि वर केलेली मान. यात नवरीचा साज पुरा होतो. बाकीचे हौसेचे. हौस जरूर करावी. पण आधी वाचावे, मग पारखावे आणि मगच लावावे.

प्रश्न

१. डबीवर कोणत्या चार गोष्टी पाहाव्या?
२. नवी वस्तू आधी कुठे लावून पाहावी? किती दिवस थांबावे?
३. काळ्या मेंदीत काय घातलेले असते?
४. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी का काढावी?
५. नवरीने विचारले, "माझा रंग वाईट होता का?" तुम्ही तिथे असता, तर काय उत्तर दिले असते? ते वहीत लिहा.

घरी करा

घरातली एक क्रीम, पावडर किंवा तेलाची बाटली घ्या. तिच्यावरची तारीख शोधा. ती उलटून गेली आहे का, ते पाहा आणि उद्या वर्गात सांगा.