बेस शिकताना

1. बेसवाल्याचं शिक्षण टाळांपासून सुरू होतं, असं मी मानतो. आमच्या शेगाव-खामगावकडे भजनी मंडळाविना गाव सापडणं कठीण. मृदंग दुगणीत गेला की पोरांचे टाळ पळत सुटतात. जुने टाळकरी मात्र नुसत्या मानेच्या हेलकाव्यावर लय जिथल्या तिथे ठेवतात. मी त्यांच्याच शेजारी बसायचो. जाझमध्ये बेसचं पहिलं काम हेच: सॅक्सोफोन कुठेही फिरून येऊ दे, मात्रा ढळता कामा नये.

2. खर्ज गळ्यात बसवा. पेटी शिकवणारे गुरुजी पहाटे मंद्र सा लावून घेत. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. तिचा सूर कानाइतकाच पोटात जाणवतो. खर्जाची सवय नसेल तर तो सुरात आहे की नाही, तेच कळत नाही. तारा ई, ए, डी, जी. लगतच्या दोन तारांत सा ते म एवढं अंतर. पेटी वाजवणाऱ्या पोराला हे एका बैठकीत उमगतं.

3. नोटेशन टाळू नका. मला ते पुण्यात एका गोव्याच्या सरांनी शिकवलं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना आधी सोल्फेज (सूर वाचून गाणं), मग व्हायोलिन, ही जुनी रीत. आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हॉटेलात जाझ वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ सिनेमातही (1951) होते. कागद वाचता येणाऱ्या गोव्याच्या वादकांनीच तेव्हाचे सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले.

4. बेस उशिरा हाती आला तरी बिघडत नाही. जाझचे बेसवादक रॉन कार्टर आणि चार्ल्स मिंगस दोघेही आधी चेलो शिकले.

5. चालत्या बेसमध्ये दर मात्रेला एक सूर. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ सूर धरा, चौथ्या मात्रेचा सूर पुढच्या कॉर्डच्या दारात नेऊन ठेवा. वेग अगदी कमी ठेवा. अंगठा दुखला तर थांबा, पकड चुकतेय.

6. ऐकायला 1959 चा माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम घ्या. त्यातल्या ‘सो व्हॉट’ची मुख्य धून पॉल चेंबर्सचा बेसच वाजवतो. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत, तेव्हा हेडफोन लावूनच ऐका.